ब्रिस्टलच्या टेकडीवर गावचा मका

ऑगस्टच्या लांब वीकेंडला ब्रिस्टलला जायचं, मे महिन्यात पेरलेला मका बघायचा, आणि परत आलो की वेम्बलीतलं किराणा दुकान सोडून स्कॉटलंडला मासळीच्या कारखान्यात लागायचं, असं ठरवलं होतं. दोन वर्षांत चौथी नोकरी. माझा पाय एका जागी ठरत नाही.

बी आईनं पाठवलेलं. सिल्लोडकडं आमच्या गावात आता सगळे कंपनीचं बी लावतात. जुना पिवळा मका तिच्याकडं ओंजळभरच उरला होता. इथं कोण लावतंय, तू तरी लावून बघ, पण निम्मा ठेव, असं ती म्हणाली होती. मी सगळाच पेरून बसलो.

पेरला तो लिआकाकूंच्या अलॉटमेंटवर, म्हणजे कौन्सिलकडून भाड्यानं मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यावर. काकू मुंबईच्या मराठी ज्यू, सत्तरीच्या, आता ब्रिस्टलला राहतात. लंडनमध्ये पिनरला बहिणीकडं आल्या की आमच्या दुकानात नाचणीचं पीठ घ्यायला यायच्या, तिथली ओळख.

जाणार असाल तर लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावरून कोच, म्हणजे लांबची बस पकडा. तिकीट आधी काढलं तर ट्रेनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. खिडकी सोडू नका. लंडन मागं पडलं की कापलेल्या गव्हाची रानं लागतात आणि ढगांच्या सावल्या त्यांच्यावरून गाईंसारख्या सावकाश चालतात. मला डुलकी लागली होती की मी जागाच होतो, कुणास ठाऊक.

ब्रिस्टलात बसनं टेकडी चढलो. काकूंचा पांढरा मका माझ्या छातीएवढा, कणसं भरलेली. शेजारच्या प्लॉटवरच्या एका म्हाताऱ्या इंग्रजानं दिलेलं बी. काकू वीस वर्षं दरसाल तेच राखून लावतात. आणि त्याच्या पलीकडं माझा मका, आठ फुटी. आत शिरलो तर इंग्लंड दिसेना. नुसती पानांची सळसळ, हिरवा उजेड. किती वेळ उभा होतो सांगता येत नाही.

मग लक्षात आलं. कणीस एकही नाही. तुरे नुकते फुटलेले.

काकूंनी समजावलं. इथला उन्हाळ्याचा दिवस फार लांब, आपल्याकडच्या मक्याला रात्र मोठी झाल्याशिवाय फुलायचं कळत नाही. आता कणसं धरली तरी भरायच्या आत थंडी येणार.

"तुझ्यासारखाच आहे," त्या म्हणाल्या. "उंची भरपूर, संसार नाही."

मी हसलो. पण गावचं बी मी संपवलं होतं.

रात्री त्यांच्याकडंच राहिलो. नारळाच्या रसातली मच्छी आणि भात. सकाळी दव वाळल्यावर त्या मला त्यांच्या एका उशिरा आलेल्या ताटापाशी घेऊन गेल्या. त्याच्या कणसाचे केस अजून ओले होते. बाकीची कणसं केव्हाच धरली होती, त्यांना आता भेसळीचा धोका नव्हता. वीस वर्षं चोख राखलेलं बी, आणि त्या म्हणाल्या, हे एक कणीस तुझ्या मक्याला देते, निम्मं तरी गावचं बी उरेल. मी माझे तुरे कागदी पिशवीत झटकले, पिवळी धूळ त्या केसांवर सोडली, वर पिशवी बांधली.

"पुढल्या वर्षी हे वेगळं लावायचं, माझ्यात मिसळू द्यायचं नाही," काकू म्हणाल्या. "दोन्हीकडं बघणं माझ्याच्यानं होणार नाही. मे महिन्यात तू असशील?"

"बघू."

"बघू नको. सांग."

मी पिशवीची गाठ पुन्हा आवळली. परतीच्या कोचमध्ये रानं तशीच होती, झोप मात्र आली नाही. स्कॉटलंडवाल्याला दोनदा पुढची तारीख दिली.

ऑक्टोबरात काकूंनी फोटो पाठवला. बोटाएवढं कणीस, पांढऱ्यात वीसेक दाणे पिवळसर. आईला पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"आपला आहे का?"

"निम्मा."

"निम्मा तर निम्मा. पेरणार कोण?"

तिला सांगितलं, मी. मग काकूंना फोन लावून तेच सांगितलं.