सात सायकली, सात बंड्या कवेलू

सत्तरच्या दशकात नागपूरच्या आमच्या वस्तीत समारंभ केल्याशिवाय कुणाला मदत करता येत नसे. शेजारी एक विणकर राहत; त्यांचं छप्पर पावसाळ्यात बसलं, तेव्हाही आधी समिती झाली. त्यांचा हातमाग खड्ड्यातला. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि पावड्या दाबत विणायचं. छप्पर नसेल तर पुढच्या पावसाळ्यात खड्ड्यात पाणी, आणि माग बंद.

काटोलच्या एका भट्टीवाल्याने शब्द दिला : नागपूरहून सायकल मारत जितके जण दिवस मावळायच्या आत भट्टीवर येतील, तितक्या बैलबंड्या भरून कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फुकट. घराला सात बंड्या लागत होत्या, म्हणून सात जणांनी नावं दिली. रस्ता चाळीसेक मैलांचा. माझा तोवरचा विक्रम घर ते कचेरी एवढाच होता.

निघायच्या सकाळी मांडव, हार, लाउडस्पीकर, सगळं होतं. विणकरांनाही सोबत यायचं होतं. पण ज्याच्यासाठी मदत गोळा करायची त्यानेच घाम गाळावा, हे समितीला शोभेना. त्यांना हार घालून मंचावर बसवलं. प्रमुख पाहुण्यांनी भाषण चाकाच्या शोधापासून सुरू केलं. ते बैलगाडीपर्यंत पोहोचले तोवर ऊन चढलं, आणि आमचा सातवा गडी पोट धरून घरी गेला. आदल्या रात्रीचं सावजी मटण त्याला भोवलं होतं.

विणकरांनी ते पाहिलं. गळ्यातला हार खुर्चीवर ठेवून ते मंचावरून उतरले.

"कुठी चालले गा?" समितीच्या अध्यक्षांनी दबक्या आवाजात विचारलं.

"सातवी बंडी आनाले."

पाहुणे बोलतच होते. झेंडीची वाट न पाहता आम्ही निघालो.

विणकरांची सायकल चालवायची तऱ्हा अजब होती. एक पाय दाबायचा, क्षणभर थांबायचं, मग दुसरा.

"अहो भाऊ, थांबता काहून?" मी ओरडलो.

"धोट्याले जाऊ द्या लागते ना!" मागावर दर पावडीनंतर धोटा सूत घेऊन या काठाचा त्या काठाला जाईस्तोवर थांबावं लागतं, तीच सवय पायांत होती.

पहिल्या दहा मैलांत आम्ही त्यांना हसलो. पुढे त्यांची पाठच दिसेनाशी झाली. तीस वर्षं पावड्या दाबलेले पाय होते ते. आमचे पाय टेबलाखाली बसून सरकारी पगार घेणारे. वाटेत एका बागवाल्याने संत्री खायला बसवलं, तेव्हा उठायची इच्छा कुणालाच नव्हती. विणकर मात्र, बागवाला म्हणाला, सोलायलाही थांबले नव्हते.

सूर्य टेकायच्या बेतात आम्ही सहाही जण भट्टीवर पोहोचलो. विणकर केव्हाचे बाजेवर बसून चहा पीत होते. भट्टीवाल्याने आमच्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"घर यांचंच, अन् पायही यांचेच? ही बंडी मी कोनासाठी देऊ?"

शब्द त्याचा, तेव्हा घरमालकाला मोजायचं की नाही हेही तोच ठरवणार होता, आणि सहा बंड्यांत मागावरचंच छप्पर उघडं राहिलं असतं.

विणकरांनी कप खाली ठेवला. "माह्यासाठी नका देऊ, मालक. मागासाठी द्या. त्याले सायकल येत नाही."

भट्टीवाला इतका हसला की त्याला ठसका लागला. सातवी बंडी त्याने स्वतः उभं राहून भरून घेतली.

पुढच्या पावसाळ्यात खड्डा कोरडा राहिला. समितीने सगळ्यांना समारंभाचा फोटो वाटला : पाहुणे हात उंचावून बोलताहेत, मागे रिकामी खुर्ची, तिच्यावर हार. विणकरांनी तो मागासमोर टांगला होता. कुणी आलं की खुर्चीवर बोट ठेवून सांगत, "हा मी."