डाव्या भुवईतली फट

"बायॉप्सीचा रिपोर्ट आलाय," डॉक्टर म्हणाले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. बायॉप्सी म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तो तपासणे. चष्मा खाली ठेवला तेव्हाच मला उत्तर कळलं.

"कॅन्सर आहे. स्तनापुरताच दिसतो. ऑपरेशन करू, मग केमोथेरपी."

माझे यजमान भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मी विचारलं, "ऑपरेशन कधी?"

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढचं वर्ष होतं. आम्ही मूळचे खानदेशातले. यजमान सुरतेजवळच्या सचिन गावातल्या कापड कारखान्यात, आणि मी घरी साड्यांच्या भरतकामासाठी खाके तयार करायचे. बटरपेपरवर नक्षी काढायची, रेषेवर टाचणीने भोकं पाडायची, मग तो कागद कापडावर ठेवून वरून रंग फिरवायचा, की नक्षी खाली उतरते. पदरावर समोरासमोर दोन मोर हवे असतील तर एकच मोर काढायचा. दुसऱ्यासाठी कागद उलटा करायचा. हे इथे सांगून ठेवते, कारण पुढे मी जी चूक केली ती याच सवयीने केली.

ऑपरेशन नीट झालं. त्याबद्दल पुष्कळ जणी लिहितात, मी लिहीत नाही. मला लिहायचंय ते भुवयांबद्दल, कारण त्याबद्दल मला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

केमोथेरपी म्हणजे शिरेतून दिलेलं जालीम औषध. ते वेगाने वाढणाऱ्या पेशी मारतं. केस वेगाने वाढतात, म्हणून तेही जातात. माझं औषध लाल सरबतासारखं दिसायचं. वॉर्डातल्या सिस्टरने डोक्याच्या केसांचं आधीच सांगितलं होतं, त्यामुळे मी ते मुळापासून कापून टाकले आणि गंगावनवालीकडून टोप बनवून घेतला. भुवया मात्र हळूहळू गेल्या. तोंड धुताना टॉवेलला लागायच्या. एका सकाळी आरशासमोर टिकली लावायला उभी राहिले आणि ती कुठे लावायची तेच कळेना. दोन भुवयांच्या मध्ये लावायची सवय, आणि भुवया तर नाहीत. टिकली बोटावर घेऊन मी तशीच उभी होते.

मग काजळाची पेन्सिल घेतली आणि काळ्या दोन कमानी काढल्या. यजमान कामावरून आले, जेवायला बसले, वर बघितलं.

"नाटकात काम मिळालं की काय?"

"राक्षसाचं," मी म्हटलं. "भाकरी घ्या."

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पार्लरमध्ये गेले. हंसाबेन मला वर्षानुवर्षं ओळखत होती. तिने कापूस ओला करून माझ्या हातात दिला. "बेन, आ काळो रंग काढी नाखो. मोढुं फिक्कुं थई गयुं छे, कोलसा जेवुं लागे." हा काळा रंग पुसून टाक, फिक्या तोंडावर कोळशासारखा दिसतो.

तिने जे शिकवलं ते तुमच्यासाठी लिहिते. औषधांनी रंग फिका, मातकट होतो. आधी चेहऱ्याला काळी रेघ शोभत असली तरी आता शोभत नाही. गव्हाळ किंवा सावळ्या रंगाला गडद तपकिरी पेन्सिल घ्यावी. तिच्यात लालसर झाक नको, नाहीतर मेंदी लावल्यासारखं दिसतं. सलग रेघ ओढू नये. केस असतात तशा बारीक तिरक्या रेघा काढाव्यात आणि बोटाने हलकेच पुसट कराव्यात. नाकपुडीच्या कडेपासून सरळ वर जिथे येतं तिथे भुवई सुरू होते. त्याच कडेपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून तिरकं गेलं की जिथे पोचतो तिथे ती संपते. गोळ्यांनी माझा चेहरा सुजून गोल झाला होता, म्हणून कमान जरा उंच. लांबट चेहऱ्याला सपाट बरी. वरून पावडरचा हलका हात. घाम टिपायचा, पुसायचा नाही.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. "पेन्सिल स्वतःची ठेवा, दुसऱ्याची नको. गोंदवून तर मुळीच घेऊ नका. पांढऱ्या पेशी कमी आहेत." पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. त्या कमी असल्या की साधी जखमही चिघळते.

हे सगळं केवळ हौसेसाठी चाललं नव्हतं. माझी आई नंदुरबारहून येणार होती.

माझी धाकटी बहीण कॅन्सरनेच गेली. तिचं सगळं आईने केलं. शेवटी तिचा चेहरा कोऱ्या पाटीसारखा झाला होता, असं आई एकदाच बोलली होती. त्यानंतर आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेला आणि ती ऑपरेशनला नाही म्हणत राहिली. "आते काय देखनं शे?" एवढंच उत्तर. आता काय बघायचंय! मोठ्या मुश्किलीने ती सुरतेला यायला तयार झाली होती. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते की मोतीबिंदू पिकलाय, आणखी थांबलात तर डोळाच जाईल. माझं तिला कळलं असतं तर ती डोळ्याचं नाव काढू न देता माझ्या उशाशी बसली असती. म्हणून तिला सांगायचं नाही, असं मी ठरवलं.

माझी केमोची शेवटची सलाईन झाली होती. डोक्यावर खुंट आले होते, भुवया नव्हत्या. हाताने काढलेल्या भुवया रोज वेगळ्या व्हायच्या, एक आश्चर्यात तर एक रागात. मग मी माझ्या धंद्यातली युक्ती केली. लग्नानंतरचा एक मोठा फोटो होता. त्यातली उजवी भुवई बटरपेपरवर उतरवली, चेहऱ्याच्या मापाने वाढवली आणि माझ्याच छातीच्या जुन्या एक्स-रेच्या कडेतून तिचा साचा कापला. तोच उलटा करून डावीचा कापला. आधी टिकली मधोमध लावायची, तिच्यापासून सारख्या अंतरावर दोन्ही साचे धरायचे आणि आत पेन्सिल फिरवायची. दोन्ही भुवया जोडीच्या मोरांसारख्या आल्या. हंसाबेनसुद्धा खूश झाली.

आई आली तेव्हा तिला माझा फक्त आवाज आणि आकार कळत होता. "बारीक व्हयनी का तू?" बारीक झालीस का, एवढंच तिने माझा हात चाचपून विचारलं.

आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडायला डॉक्टर आले. मी घरून भुवया रेखूनच निघाले होते. आईने डॉक्टरांची बोटं बरोबर मोजली. मग ते म्हणाले, "माँजी, आत टाके आहेत. डोळा चोळायचा नाही. वाकायचं नाही. रडायचं तर अजिबात नाही."

आईने मान हलवली आणि माझ्याकडे वळली. बराच वेळ बघत होती. मी थैलीत थेंबांच्या बाटल्या भरत राहिले.  रिक्षातही ती माझ्याच चेहऱ्याकडे बघत होती.

घरी तिला खाटेवर टेकवलं, थेंब घातले. ती म्हणाली, "तुना डावा डोयावरला चिरा कोठे गया?"

माझं बोट डाव्या भुवईवर गेलं. मी चार वर्षांची असताना जात्याच्या दगडावर पडले होते. डावी भुवई फुटली, आणि तिथे परत केस उगवले नाहीत. ती बारीक फट मला कधीच आवडली नव्हती. म्हणून तर साचा मी उजवीवरून काढला होता. पण ती जखम हळदीने दाबून धरणारी बाई समोर बसली होती.

"डाक्टरनी माले रडानं नही सांगेल शे," आई म्हणाली. "म्हनीसन आतेच सांगी टाक."

डॉक्टरांनी रडू नको म्हटलंय, म्हणून आत्ताच सांगून टाक. मी सांगितलं. गाठ, ऑपरेशन, लाल औषध, सगळं. सलाईन संपल्याचं दोनदा सांगितलं. आईने खाटेची कड घट्ट धरली होती. पण ऑपरेशनचा डोळा तिने कोरडा ठेवला. मग मला जवळ ओढलं, पदराचं टोक जिभेवर ओलं केलं, नखावर घेतलं आणि माझ्या डाव्या भुवईवर एक तिरकी रेघ पुसून काढली.

मागे सरून तिने बघितलं.

"आते दिखनी मनी पोर." आता दिसली माझी पोर.

तुमच्यावर ही वेळ आली तर पेन्सिल तपकिरी घ्या, साचा हवा तर करा. पण एक भुवई उलटून दुसरी करू नका. त्या मुळात सारख्या नसतात, आणि ज्यांना तुमचा चेहरा पाठ आहे त्यांना ते माहीत असतं. पुढे माझ्या भुवया उगवल्या, पण विरळ, त्यामुळे पेन्सिल सुटली नाही. डाव्या बाजूचा साचा मी त्याच संध्याकाळी कात्रीने कापला. आता त्याचे दोन तुकडे आहेत, आणि ते मी मधे थोडी जागा सोडून धरते.