बोटीच्या कुशीतला पंजा

फायबरच्या बोटीचे थर आतून सुटलेत का, हे डोळ्यांना कळत नाही, कानांना कळतं. हातोडीच्या लाकडी दांड्यानं ठोकत जायचं. घट्ट जागा टणटण बोलते, सुटलेली थपथप.

गव्हाणच्या खाडीकाठी माझी दुरुस्तीची शेड आहे. खारघरचं एक नोकरदार जोडपं तिथे जुनी शिडाची बोट घेऊन आलं. दोन-तीन हात फिरलेली, वर ताजा निळा रंग. डोलकाठीला ताणून धरणारी तार बोटीच्या कुशीत, म्हणजे बाजूच्या भिंतीत, अडकवतात, तिथे बारीक चीर होती.

मी ठोकायला लागलो. टण, टण, आणि चिरेपाशी थप. पटाशी सरकवली तर पुट्टीचा अख्खा पापुद्राच हातात आला. आतून आंबूस वासाचं पाणी ठिबकलं. खालच्या थरावर एक पंजा उमटलेला होता. करंगळी अर्धीच.

माझी डावी करंगळी अर्धी आहे. मी तो हात त्यावर ठेवून पाहिलाच. तंतोतंत बसला. गार लागलं, जणू पलीकडूनही कुणी हात टेकला होता.

ही बोट मी पूर्वी दुरुस्त केली तेव्हा पांढरी होती, जासईच्या एका म्हाताऱ्याची. "नारली पुनवेला बोट पान्यात पायजे. पुनव चुकवायची नाय," असा त्याचा हेका. भर पावसाळा. कूस वाळायला दहा दिवस हवे होते. मी दोन दिवस बल्ब लावले आणि ओल्यावरच हातानं काचतंतूंची मॅट दाबून चिकटवली. वरून पुट्टी, रंग. झाकली मूठ! आठवड्यानं बोट खाडीत एकटीच तरंगताना सापडली, डोलकाठी आडवी. म्हातारा सापडलाच नाही. वारा होता, वय होतं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो, आणि निवांत झोपलो.

आता पंज्याच्या मधोमध तार उपटून निघाल्याचं भोक दिसत होतं. कुणीतरी ते बुजवून नवी तार वीतभर पुढे अडकवली होती.

नवरा जवळ आला. बायको वर बोटीत शिडाचं कापड चाचपत होती. "नुसतं भरून द्या ना. रविवारी दोघं जाणार आहोत."

खोटं कशाला सांगू, हो म्हणायला जीभ वळवळली.

"नाही," मी म्हणालो. "सगळं कापून काढावं लागेल, वाळवावं लागेल. या जागेपायी एक माणूस गेलाय."

"आधीचं काम कुणी केलं होतं?"

"मीच."

तो बोटीपासून मागे सरला. मग मान वर करून बायकोला म्हणाला, "तू आधी खाली उतर."