लोकल आयडी चालत नाही: उत्तनच्या समुद्राकाठी स्वस्त खोली शोधताना

शनिवार, १८ जानेवारी, दुपारी एक वाजून वीस मिनिटं. उत्तनच्या एका लॉजच्या काउंटरवर मला सांगण्यात आलं, की मी याच शहरात राहते म्हणून मला या शहरात खोली मिळणार नाही. तारीख आणि वेळ आधी लिहिली, कारण कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी आम्हाला तक्रार अशीच लिहायला शिकवली: आधी कधी, मग कुठे, मग काय, आणि रडारड शेवटी, जागा उरली तर. लॉजचं नाव आज देत नाही. मालकांना वाचल्यावर कळेल.

आता पहिल्यापासून. माझी वहिनी, म्हणजे यवतमाळच्या थोरल्या भावाची बायको, आठ दिवसांसाठी माझ्याकडे भाईंदरच्या गोडदेवला आली होती. वय बहात्तर. लग्न होऊन माझ्या माहेरी आली तेव्हा घरात अकरा माणसं होती आणि आजही पाहुणे धरून सात-आठ असतातच. एका दुपारी मटार सोलता सोलता मी विचारलं, "वहिनी, मुंबईत काय बघायचंय सांगा." मला वाटलं, एखादं देऊळ सांगतील.

"पाहाचं काही नाही," त्या म्हणाल्या. "मले एकदा हॉटेलात राहाचं आहे. समुद्राजवळ. अन् सकाळचा चहा कोणी तरी आणून देल्ला पाहिजे. मी पलंगावरून उठणार नाही."

बहात्तर वर्षांच्या बाईची मागणी एवढीच: एक रात्र समुद्राचा आवाज आणि सकाळी एक आयता कप. सोमवारी त्यांची परतीची गाडी होती. मी म्हटलं, हे तर माझ्या शहरातच आहे. आपल्या महापालिकेच्या हद्दीत अख्खा समुद्र आहे, फक्त गोडदेवच्या गच्चीवरून तो दिसत नाही, इमारती दिसतात.

स्वस्तात किनाऱ्याजवळ राहू पाहणाऱ्या वाचकांसाठी पहिली सूचना. बुकिंगच्या ॲपवर 'बीचजवळ' असं लिहून शोधलंत, तर सगळ्यात आधी हायवेवरची हॉटेलं येतील. त्यातल्या एकाने 'बीचपासून अंतर' या रकान्यात प्रामाणिकपणे अकरा किलोमीटर लिहिलं होतं. या हिशेबाने मीसुद्धा बीचजवळच राहते आणि माझ्या फ्लॅटचं भाडं वाढायला हवं. दुसऱ्या एका हॉटेलात 'सी फील रूम' होती. फोटो मोठा करून पाहिला, तर पलंगामागच्या भिंतीवर डॉल्फिन रंगवलेला. हाटकेशच्या कारखान्यांकडे तोंड करून उड्या मारणारा डॉल्फिन, रात्रीचे बावीसशे.

शेवटी उत्तनला एक लॉज सापडला. दोघींना अठराशे, सकाळचा चहा-नाश्ता धरून. पैसे तिथे पोचल्यावर. बुकिंग कन्फर्म झाल्याचा मेसेज आला, वर एक नाचणारा नारळ. वहिनींनी बॅगेत नवी कोरी इस्त्रीची साडी ठेवली. मी विचारलं, ही कशाला? म्हणाल्या, "हॉटेलातला पोरगा चहा घेऊन येईन, तवा गबाळं दिसलं नाही पाहिजे."

जायचं कसं, तर भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर उत्तन-चौकच्या बस लागतात; चौक हे उत्तनच्या पुढचं गाव. वीस-पंचवीस रुपयांत काम होतं. रिक्षावाला अडीचशे म्हणतो आणि तुमच्या बॅगेकडे बघून तीनशे करतो. बसमध्ये डाव्या-उजव्या बाजूची चर्चा करू नका, मिळेल तिथे बसा. मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी अशी गावं येतात, मधे मिठागरं, मग चर्च, मग सुक्या मासळीचा वास. मागच्या सीटवर दोन मुली नाकाला रुमाल लावून बसल्या होत्या. वहिनींनी मात्र खिडकी उघडली. "समुद्र आला वाटते," म्हणाल्या.

लॉज रस्त्यालाच होता. काउंटरमागे बोर्ड: ज्येष्ठ नागरिकांना दहा टक्के सवलत. बोर्डखाली तिशीचा मॅनेजर, कानात एक हेडफोन, दुसरा लोंबकळतोय. त्याने वहिनींचं आधार कार्ड पाहिलं, मान डोलावली. माझं पाहिलं आणि परत केलं.

"आंटी, लोकल आयडी नहीं चलता."

मी मराठीत विचारलं, "म्हणजे?"

तो मराठीत आला. "म्हणजे तुमचा ॲड्रेस भाईंदरचा आहे ना. लोकल लोकांना रूम देत नाही आम्ही. रूल आहे."

"का बरं?"

"आता तुम्ही समजून घ्या ना, मॅडम."

"मी समजून घेत नाही. तुम्ही सांगा."

त्याने दुसऱ्या हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली. "लोकल कपल येतात दुपारची. मग घरचे शोधत येतात, राडा होतो. म्हणून मालकांनी सांगितलंय, लोकल बंद."

मी वहिनींकडे पाहिलं. पांढरा अंबाडा, हातात कापडी पिशवी, पिशवीत चिवड्याचा डबा. मग माझा चष्मा पुसला आणि विचारलं, "आमच्या दोघींच्या घरचं कोण शोधत येईल असं वाटतं तुम्हाला? सदुसष्ट वर्षांची आहे मी. माझ्या मागे आता फक्त गॅसवाला येतो."

"तसं नाही हो. पण एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं."

"काय म्हणते तो?" वहिनींनी विचारलं.

"म्हणतोय, तुम्हाला खोली मिळेल. मला नाही."

"काहून? तुम्ही तं इथल्याच."

"म्हणूनच."

मॅनेजरला इथे तोडगा सुचला. या मॅडमना रूम देतो, म्हणाला, बाहेरगावच्या आहेत. तुम्ही व्हिजिटर म्हणून बसा संध्याकाळी सातपर्यंत, मग घरी जा. लोकलच आहात, जवळ पडेल. मी म्हटलं, ही माझी वहिनी आहे, तिला परक्या गावात एकटी टाकून जाऊ? त्याने दोन्ही कार्डं पुन्हा शेजारी ठेवली. आडनावं वेगळी. अर्थात वेगळी. माझं माहेरचं आडनाव ती लावते आणि मी सासरचं. आपल्याकडे नणंद-भावजयीचं नातं कागदावर कुठेच दिसत नाही, ते फक्त लग्नाच्या पंगतीत रुसताना दिसतं. "नातं प्रूफ नाही ना होत," तो म्हणाला, आणि हे तो इतक्या सभ्यपणे म्हणाला, की मला जास्त राग आला.

"मग आधी कन्फर्म का केलंत?"

"ते ॲप करतं. ॲपला काय माहीत."

वहिनींनी माझा दंड धरला. "शोभाताई, भांडू नका. चला."

पुढे चौकच्या दिशेला एक रिसॉर्ट आहे. गेटवर कारंजं, कारंज्यात पाणी नाही. तिथल्या मुलीने आयडी मागितलाच नाही. तिने आधी विचारलं, "ग्रुप किती जणांचा?" दोघी म्हटल्यावर तिने हसून सांगितलं, की रात्रीचं पॅकेज कमीत कमी पंधरा जणांना, माणशी साडेतीन हजार, बुफे आणि डीजे धरून. मी म्हटलं, डीजे वगळा. म्हणाली, डीजे कॉम्प्लिमेंटरी आहे, त्याचे पैसे कमी होत नाहीत. तिसऱ्या ठिकाणी काउंटरवरच्या गृहस्थांनी माझ्या कार्डाचा पत्ता पाहून विचारलं, "लोकल आहात, तर मिस्टर सोबत आहेत का? मग जमवता येईल." मी सांगितलं, मिस्टरांना जाऊन नऊ वर्षं झाली, आणायला बरंच वर जावं लागेल. त्यांनी सॉरी म्हटलं. खोली मात्र दिली नाही.

तीन वाजले होते. एका खानावळीत जेवलो. सुरमईची थाळी अडीचशे, बोंबील वेगळे, सोलकढी वाटीभर आणि फिकी. जेवण चांगलं, पाण्याची बाटली आपली न्या. वहिनी काटे काढत होत्या. मग म्हणाल्या, "जाऊ द्या. समुद्र पाहू अन् जाऊ घरी. चहा काय, घरीही होते." घरी होतो म्हणजे त्या करतात. रोज सकाळी मी उठायच्या आत केलेला असतो. दोनदा गजर लावला, दोनदा हरले.

चौकला उतारावर बोंबील वाळत घातले होते. तिथे बसलेल्या एका कोळी बाईने, यशोदाताईंनी, आमच्या बॅगा पाहिल्या आणि विचारलं, "कुठं चालल्या गो बायांनो, सामान घेऊन?" मी सगळी कथा सांगितली. त्यांना हसू आवरेना. "म्हंजे गावचा मानूस गावात न्हाय झोपायचा? मग कुठं, पालघरला?" मग म्हणाल्या, "माझी वरची खोली हाय. पोरगा बोटीवर गेलाय. पंखा हाय, एसी न्हाय, बाथरूम खाली हाय."

आयडी त्यांनी मागितला नाही. त्याऐवजी चौकशी केली: माहेर कुठलं, सासर कुठलं, मुलं किती, मुलगा फोन करतो का, सून कशी, वहिनींचा मासा कोणता आवडीचा आणि नाही तर का नाही. लॉजच्या मालकाने यशोदाताईंना काउंटरवर बसवावं. एकही कपल सुटणार नाही. खोलीचे आठशे ठरले. पैसे त्यांनी आगाऊ घेतले आणि लाजल्या नाहीत, हे मला आवडलं.

संध्याकाळ छान गेली. सूर्यास्त फुकट होता. अंधार पडल्यावर रिसॉर्टचा कॉम्प्लिमेंटरी डीजे आमच्यापर्यंतही पोचला, तोही फुकट. दहाला तो थांबला आणि मग एकदाचा समुद्र ऐकू आला. वहिनी उशीवरून डोकं उचलून ऐकत होत्या. "एकसारखा चालू राह्यते का हो हा?" मी म्हटलं, हो, याला सुट्टी नाही. "माह्यासारखाच," त्या म्हणाल्या आणि झोपल्या.

सकाळी जाग आली तेव्हा शेजारची गादी रिकामी, चादरीची घडी घातलेली. खाली उतरले. वहिनी ती नवी इस्त्रीची साडी नेसून, पदर खोचून यशोदाताईंच्या ओट्याशी उभ्या होत्या आणि आलं ठेचत होत्या.

"मी नको म्हनलं," यशोदाताई दारातून माझ्याकडे तक्रार करत म्हणाल्या. "वर आनून देते म्हनलं. आयकतच न्हाय ही बाय."

"त्यांले मासळी घेऊन जायाची घाई आहे," वहिनी म्हणाल्या. "अन् दुसऱ्याच्या घरी पलंगावर बसून चहा मागाचा, बरं दिसते का? हॉटेल असतं तं गोष्ट वेगळी होती."

चहा उत्तम झाला होता. कप मी विसळले.

सोमवारी त्या यवतमाळला गेल्या. प्रवासात काय मिळालं म्हणाल, तर यशोदाताईंचा पत्ता, जो मी इथे छापणार नाही, तुम्ही सगळे त्यांच्या जिन्यात उभे राहाल. पण ज्यांना ही सहल गोड शेवटाची वाटतेय, त्यांनी वहिनींचं वाक्य पुन्हा वाचावं. घरात कोणी कितीही मायेनं ठेवून घेतलं, तरी आमच्या पिढीची बाई पाच वाजता उठून त्या घराचा ओटा गाठते. हॉटेलात ती गिऱ्हाईक असते. पैसे दिलेले असतात, म्हणून बसून राहायची तिला परवानगी असते. ती परवानगी अठराशे रुपयांना विकत मिळत होती, आणि एका बाईच्या आयुष्यात पहिल्यांदा मिळत होती. ती मिळाली नाही, कारण तिच्या नणंदेचं घर त्याच शहरात निघालं.

तेव्हा लॉजच्या मालकांस. या मजकुराची एक प्रत तुमच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. पुढील गोष्टींचा लेखी खुलासा करावा: हा नियम कोणी केला, तो कुठे लिहिलेला आहे, तो ॲपवर का दिसत नाही, आणि अब्रूदार ठरण्यासाठी माझं घर तुमच्या काउंटरपासून किती किलोमीटर लांब असायला हवं. तोंडी उत्तर नको, मॅनेजरचा फोन नको, नाचणारा नारळ नको. माझ्या वहिनी मार्चमध्ये पुन्हा येणार आहेत आणि आम्हा दोघींना, दोघींच्याही खऱ्या पत्त्यांवर, एका रात्रीची खोली हवी आहे. उत्तर शनिवार, १५ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत सहीनिशी माझ्या हातात पडावं. नाही पडलं, तर सव्वापाचला इथेच लॉजचं नाव छापलं जाईल. उत्तर होकारार्थी असेल, तर सकाळचा चहा किती वाजता खोलीत आणून देता, ते स्पष्ट लिहा. पाचच्या आधीची वेळ लिहा. त्यानंतर त्या उठलेल्या असतात.