माझ्या वेबसाइटवर साडूची चटणी

मित्रहो, दुपारपासून पोटात आग पडली आहे, आणि ती चटणीमुळे नाही.

वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यापासून मी बायकोचा कांदा-लसूण चटणीचा धंदा बघतो. तिच्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू बसवराज, तीच चटणी विकतो. कृती दोघींच्या आईची.

वेबसाइट काढताना त्यानं पैसे भरून होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची इंटरनेटवरची जागा, घेतलं, मी फुकटचं. मजकूर दमदार असला की झालं, असं मला वाटायचं. मजकूर मीच लिहिला होता.

आज पुण्याचे एक दुकानदार शिरोली एमआयडीसीतलं काम उरकून चटणीची चौकशी करायला आमच्या घरी आले. मी कौतुकानं साइट उघडली. पान अर्धवट येऊन अडकलं, पण फुकट होस्टिंगवाल्यांची जाहिरात मात्र वर झळकली. बसवराजच्या चटणीची!

पाहुण्यांनी तिच्यावर क्लिक केलं. त्याची साइट झटक्यात उघडली, फोटो दिसले, ऑर्डरची सोयही होती. माझ्याच कॉम्प्युटरवर, माझ्याच खुर्चीत बसून त्यांनी बसवराजला ऑर्डर दिली.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "काय साडू, तुमच्या साइटवरनं गिऱ्हाईक आलं की! झकास लिवलंय, काढू नका."

बायको म्हणाली, "आईचीच चटणी खपली न्हवं? मग जळताय कशाला?"

तरी जळतोय. उद्याच होस्टिंग बदलतो. जाहिराती न घुसवणारं, पान पटकन उघडणारं होस्टिंग कुणाचं घेऊ? बसवराजला विचारता येईल, पण त्यापेक्षा साइट बंद पडलेली परवडली.