बारा आरशांची झूल

सुकेशनी कोणताही कपडा आधी उलटा करून पाहायची. दुकानातला असो की माणसाच्या अंगावरचा. एकदा नेरला लग्नात तिनं नवरीच्या चुलतीचा पदर सरळ हातात घेतला, उलटा केला आणि चार बायकांत म्हणाली, "काकू, समोरून तर रेशीम दिसते, मागून सारे दोरे लोंबून राह्यले. फसवलं ना जी तुमाले." ती बाई पंगतीत बसली नाही. सुकेशनी मात्र दोनदा वाढून घेऊन जेवली.

मी शिंपी. शाळा तिसरीपर्यंत, तीही अर्धी. ती चांगली होती असं मी लिहिणार नाही, कारण ती चांगली नव्हती. पण शिलाई कळणारी माणसं मी जन्मात दोनच पाहिली, त्यातली एक ती. म्हणून लिहितो.

नेरच्या अलीकडं आमचं गाव. माझं दुकान रस्त्यावर आणि चार घरं पुढं विहाराची गल्ली. तिथं नामदेवचं घर. त्याची ही एकुलती पोरगी. नागपूरला कॉम्प्युटरवर चित्रं काढायचं शिकली, तिथंच नोकरीला लागली आणि दीड वर्षात परत आली. वरच्या साहेबाला तोंडावर काहीतरी बोलली म्हणे. त्याच्याही कोटाची पाठ पाहिली असेल.

घरी बसून तिनं जो धंदा सुरू केला तो मला आधी कळलाच नाही. परदेशातल्या एका कंपनीचा खेळ होता. जगभरची माणसं आपापल्या घरी कॉम्प्युटरपुढं बसून तो एकत्र खेळायची. प्रत्येकाचं त्यात एक सोंग. कोणी योद्धा, कोणी जादूगारीण, कोणी शेपटीवाला राक्षस. त्या सोंगांचे अंगरखे, शेले, पगड्या सुकेशनी काढायची. काम पसंत पडलं तर कंपनी ते खेळातल्या दुकानात ठेवी. लोक विकत घेऊन आपल्या सोंगाला नेसवत, आणि कपड्याखाली करणाऱ्याचं नाव येई.

मी विचारलं, "तो अंगरखा घातला की तलवार लागत नाई काय?"

"लागते ना."

"मंग ताकद वाढत असंन."

"नाई. नुसतं दिसते."

"ज्याले अंग नाई त्याले कपडा. अन् त्याचा उपयोगबी नाई. कायले घेते मंग लोकं?"

ती म्हणाली, "पोळ्याले तुमची झूल घालून बैल जास्त वखरते काय, काकाजी?"

अशा पोरीला उत्तर देत बसायचं नसतं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. वरून हिरवं बोंड आणि फोडलं की आत अळी. दिवाळीला कोणी नवं शिवेना. बैलजोड्या एकेक करून बाजारात चालल्या होत्या आणि मी तर नावाजलेला झुली शिवणारा. माझं मशीन पंधरा-पंधरा दिवस झाकलेलं असे. आणि चार घरं पुढं ही पोरगी नसलेल्या अंगांचे कपडे काढून घर चालवत होती. मला तिचा राग येई.

तिला माझा राग होता तो जुना. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या गावात पोळ्याला पाटलांच्या जोडीचा मान. तोरणाखाली ती पहिली. तिच्या झुलीवर दोन्ही अंगाला बारा-बारा आरशांचा सूर्य असे. लाल मखमल, आत मांजरपाट, कडेला घुंगरू. तो सूर्य माझ्या बापानं काढलेला, नंतर मी शिवायचो. बाकीच्यांना चांदण्या, वेलबुट्टी, काय हवं ते. सूर्य मात्र पाटलांनाच.

एका पोळ्याला नामदेवची जोडी आखरावर, पोळा भरतो त्या मोकळ्या जागी, आली ती सूर्य घेऊन. त्याच्या बायकोनं, पारबतानं, घरी हातानं शिवली होती. मला न विचारता, नुसतं पाहून. माझे आरसे सपाट असायचे, बैल हलला की सगळे एकदम चमकत आणि एकदम विझत. तिच्या सूर्यातला उजेड धावत होता. एक आरसा, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा. तोरणाखाली पाटलांची जोडी उभी होती आणि तिच्याकडं कोणी पाहत नव्हतं.

मी दुकानात जाऊन कैची आणली. मला कोणी सांगितलं नव्हतं, पाटलांनीही नाही. मी झूल वर उचलून उलटी केली आणि मागून टाके कापत गेलो. आरसे खाली पडत गेले. नामदेव दावं धरून खाली पाहत उभा होता. बायकांच्या गर्दीत पारबता होती, तिच्या कमरेला सात वर्षांची सुकेशनी. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "चोरीचा माल हाये."

जातीसाठी नाही, चोरीसाठी उसवली, असं मी पुढं अठरा वर्षं सांगत आलो. लोकांनीही तेच धरलं. सगळ्यांना ते सोयीचं होतं. पुढच्या पोळ्याला माझ्या झुलीवरचा उजेडही धावायला लागला. पाटलांनी मला फेटा बांधला. पारबतानं त्या दिवसापासून सुई हातात घेतली नाही. घरातल्या गोधड्यासुद्धा नामदेव माझ्याकडं टाकायचा.

तर एक दिवस सुकेशनी दुकानात आली. मी खुर्ची पुढं केली, ती बसली नाही. तिचं एक काम कंपनीनं दोनदा परत पाठवलं होतं. खेळात स्वार व्हायला एक जनावर होतं, बैलासारखं, तीन शिंगांचं. त्याच्यासाठी तिनं सूर्याची झूल काढली होती. कंपनीचं म्हणणं, कागदावर रंगवल्यासारखी वाटते, आरसे जिवंत दिसत नाहीत. आणखी एकदाच पाहू.

"मले खरी झूल पायजे," ती म्हणाली. "चालताना आरसे कसे हालते त्याचा व्हिडिओ काढाचा हाये. तुमच्याशिवाय कोणी शिवत नाई, म्हणून आली. नाईतर तुमच्या दारात थुंकाले बी नसती आली."

मी म्हटलं, "खाली नाव माझं पायजे."

ती म्हणाली, "देईन. चांगली शिवली तर."

अकरा दिवस शिवली. रोज दुपारी यायची, आरशावर बोट ठेवायची आणि म्हणायची, "हा मेला. काढा." मी काढायचो. गिऱ्हाईक बसलेलं असलं तर मुद्दाम जास्त काढायला लावी. "म्हातारे झाले जी तुम्ही. जमत नसंन तर सांगा, मी कंपनीले कळवतो, कारागीर मेला म्हणून."

झूल झाली, पण घालायची कोणाला? गावात चार जोड्या उरल्या होत्या, त्या दिवसभर कामावर. पाटलांचे बैलही विकले गेले होते. तिनं मोठ्या गोडीनं मला सांगितलं, "तुमचा मानाचा सूर्य आता त्याइची मोटरसायकल झाकते. जाऊन पाहा, साइलेन्सरनं जळलाबी हाये." मग माझ्याकडं वरून खालपर्यंत पाहिलं. "पाठ तर तुमालेबी हाये ना, काकाजी."

भर दुपारी, माझ्याच दुकानापुढच्या रस्त्यावर, गुडघ्यांवर हात टेकून मी वाकलो आणि तिनं झूल माझ्या पाठीवर टाकली. दुकानापासून हापशीपर्यंत आणि परत. चार फेऱ्या.

"कंबर खाली घ्या. बैल असा अकडून चालत नाई."

हापशीवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. पानठेल्यावरून कोणी म्हणालं, "झडती म्हणा रे एखादी," आणि पोळ्यात बैलांपुढं म्हणतात ती एकानं म्हटलीही. मी सत्तरीचा माणूस. बापासमोरही कधी मान खाली घातली नव्हती. चाललो, कारण ज्या जागी आमच्या गावातलं कोणाचंच नाव पोचलं नव्हतं तिथं माझं पोचणार होतं. शेवटच्या फेरीला ती मोबाईल धरून माझ्या कानाशी चालत होती. हळूच म्हणाली, "बाबाबी असेच खाली पाहत होते."

मग तिनं झूल उचलली आणि सवयीनं उलटी केली. बराच वेळ पाहत राहिली. मग घरी गेली आणि ट्रंकेतला एक मांजरपाट घेऊन आली. मी उसवलेल्या झुलीचा. आरसे गेले होते, पण कापलेल्या टाक्यांचे दोरे अस्तरात तसेच होते. तिनं दोन्ही माझ्या मशीनवर शेजारी-शेजारी पालथे मांडले. प्रत्येक आरशाला एका बाजूनं आखूड टाका, दुसऱ्या बाजूनं लांब. त्यामुळं आरसा तिरका बसतो आणि उजेड धावतो. दोन्हीकडं तीच रीत.

"हा टाका कोणी शिकवला?"

"बापानं."

"तुमच्या बापाचे आरसे सपाट होते. सारं गाव सांगते." तिनं आवाज चढवला नाही. "उसवता उसवता शिकले तुमी. अन् चोर आमाले म्हणलं."

मी म्हटलं, "सूर्य माझाच हाये."

"सूर्य तुमचा. पण लोकं त्याचं धावणं पाहून घेईन. ते आईचं हाये. नाव आईचं जाईन."

"मंग माझी झूल दे इकडं."

व्हिडिओ तिच्याजवळ होताच. तिनं ती झूल माझ्या अंगावर फेकली. "घ्या. पांघरा."

दोन-अडीच महिन्यांनी नामदेव दुकानात आला. म्हणाला, "पसंत पडलं. पोरगी बलावते." जायला नको होतं. गेलो. पडद्यावर एक दगडी बाजार होता आणि त्यात ती तीन शिंगांची जनावरं, पन्नास असतील, शंभर असतील, कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांची. सगळ्यांच्या पाठीवर लाल झूल, सगळ्यांवर बारा आरशांचा सूर्य, आणि उजेड धावत होता. इतके सूर्य मी एका जागी कधी पाहिले नव्हते. माझी छाती फुगली, खोटं बोलणार नाही. खाली इंग्रजीत नाव होतं. सुकेशनीनं मला मुद्दाम वाचून दाखवलं. "पारबता नामदेव." परत एकदा वाचलं.

मग तिनं आईला हाक मारली. पारबता चुलीपासून उठून आली, लुगड्याला हात पुसत उभी राहिली. अठरा वर्षांत ती माझ्याशी बोलली नव्हती, त्या दिवशीही बोलली नाही. पडद्याकडं पाहत पोरीला म्हणाली, "हा मांगं चालला."

"कोण?"

"उजेड. माझा शेपटीकडून डोक्याकडं जाये. बैल पुढं चालला तं सूर्यबी पुढं चालला पायजे ना. हा डोक्याकडून शेपटीकडं चालला."

मी पाहिलं. खरं होतं. मी तिची झूल उलटी धरून, मागून पाहून शिकलो होतो. डावं ते उजवं झालं होतं. अठरा वर्षं माझे सूर्य उलटे धावत होते आणि गावाला ते कळलं नव्हतं, कारण सुलटा त्यांनी एकदाच पाहिला होता, मी कैची आणेपर्यंत.

सुकेशनीचं तोंड उतरलं. म्हणाली, "पयलेच सांगाचं होतं ना, आई."

पारबता म्हणाली, "तू मले कुठं इचारलं? तू तं याले इचारलं." आणि चुलीकडं गेली.

सुकेशनी परत कॉम्प्युटरपुढं बसली. तिनं कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की लोकांनी विकत घेतलेली वस्तू आता बदलता येत नाही. तिच्या आईच्या नावावर माझी चूक जगभर चालायला लागली. सहा महिने ती माझ्या दुकानापुढून मान न वळवता जायची.

पुढच्या वर्षी हैदराबादला कुठं मोठं काम लागलं, म्हणून ती निघाली. बसला वेळ होता. दुकानात शिरली. नेरच्या एका माणसाची सूर्याची झूल मशीनवर होती; पाटलांची जोडी गेल्यापासून मी सूर्य मागेल त्याला शिवून देत होतो. उचलली, उलटी केली.

"अजून उलटाच?"

"हो."

"आता तं माहीत झालं तुमाले. दोन टाक्याइची अदलाबदल हाये."

"नाई करणार," मी म्हटलं. "सुलटा तुह्या मायचा हाये. माझा उलटाच."

मला वाटलं, एवढ्यावर तरी ती एखादा बरा शब्द बोलेल. ती हसली. "तो तरी कुठं तुमचा, काकाजी? तोबी तिचाच. तुमी नुसता बिघडवला." झूल खाली टाकली आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

हैदराबादला पोचून आठवडाही झाला नसेल, तिला ताप आला. चौथ्या दिवशी गेली. नामदेवनं दुकानाच्या पायरीवर बसून मला सांगितलं, रडला नाही, पाणी मागितलं. पारबता कशी आहे हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

त्यानंतर मी नेरवाल्याच्या झुलीचे चोवीसही आरसे काढले आणि फिरवून लावले. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, आठ दिवस लागले. तो न्यायला आला तेव्हा म्हटलं, "हे काम माझं नाई. पारबताबाईचं हाये."

"कोण पारबताबाई?"

"नामदेवची बायको. तिकडं विहाराच्या गल्लीत राहते. मी तिची झूल पोळ्यात उसवलती, चोरीची म्हणून. चोर मी होतो."

दुकानात आणखी दोघं बसले होते. मी त्यांना ऐकू जाईल असंच बोललो. नेरवाल्यानं बाहेर रस्त्याकडं पाहिलं.

"बरं बरं," तो म्हणाला, "घडी करून द्या लवकर. माझी बस चुकन."

मी घडी करून दिली.