पुंजाजीची घोंगडी

वऱ्हाडाचा कारभार नागपुराकडे गेला, त्या साली मुंबईच्या मेहुण्याने दिलेलं नारळाचं रोप डोणगावच्या पुंजाजीने मळ्यात विहिरीच्या पाटाशी लावलं. उन्हाळ्यात त्यावर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांची सावली केली, थंडीत आपली घोंगडी त्याला पांघरली आणि स्वतः कुडकुडत झोपला.

झाड वाढलं. पुंजाजी त्याच्याशी बोलत बसे. दुपारी झावळ्यांखाली डोळा लागला की कधी न पाहिलेल्या समुद्राचं पाणी कानाशी हले.

एकदाची फळं धरली, पण हिरवी, गुळगुळीत! देवापुढे फुटणारे नारळ तर तपकिरी, शेंडीवाले.

"मेव्हण्यानं फसवलं तुले, पुंजाजी!" गाव हसलं. पुंजाजीने झाडाशी बोलणं सोडलं. पाणी मात्र चुकवलं नाही.

एका सकाळी वाळलेलं फळ आपसूक खाली पडलं. त्याने कुऱ्हाडीने साल उकलली.

आत तपकिरी, खरबरीत घोंगडी पांघरून नारळ निजला होता.